राहत नसल्याचा दाखला

सेतू केंद्रातल्या माझ्या संगणकात
राहत असल्याच्या दाखल्याचे चार नमुने आहेत.
नाव टाका, गाव टाका, तलाठ्याचा शेरा, सही, शिक्का.
राहत नसल्याचा नमुना कुणी बनवलेलाच नाही.
आणि आज मंगळवार, विट्यात बाजार नसलेला दिवस,
उत्तम मुळीक पोरीला घेऊन समोर बसलाय.

बावीस वर्षं काठमांडूत गलाई करतो.
सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची,
जाळायची, तेजाबात सोडायची,
पोतंभर धुळीतनं गुंजभर सोनं वर काढायचं.
पोरगी तिकडंच झाली. नाव शेजारणीनं ठेवलं, बिनिता.
बाप मिलिग्रॅमवर जगतो, आणि ही
त्र्याण्णव किलो डोक्यावर धरून
पंचांचा दिवा लागेस्तोवर हलत नाही.

तिकडच्या संघाला ती हवी आहे.
या स्पर्धेला पासपोर्टाचं अडत नाही, राहणं मोजतात:
सलग तीन वर्षं, दर वर्षी एकशे त्र्याऐंशी दिवस,
शिवाय मूळ गावचं पत्र, की ही इथं राहत नाही.
मी दोनदा वाचलं, ‘नाही’वर बोट ठेवून.

म्हटलं, उत्तमराव, आपल्याकडनं का नाही उचलत?
म्हणाला, इकडं सलग पाच वर्षं मागतात.
आमची सगळी गोळा करून दीड भरतं,
त्यात जत्रा आली, चुलत्याचं तेरावं आलं,
आणि कावीळ झाली तेव्हाचा एक महिना.

तिकडचं पहिलं वर्ष भरलं. दुसरं भरलं.
तिसऱ्यात एकशे एकाहत्तर.
त्यानं पिशवी उलटी केली. तिकिटं.
विटा ते पुणे, पुणे ते गोरखपूर,
तिथनं सोनौली, मग रात्रीची डोंगरातली बस.
जायला तीन दिवस, यायला तीन, वर्षात दोन खेपा.
“हे बारा दिवस कोण धरंनाच, साहेब.
ते म्हणत्यात आमच्यात नव्हती,
गाव म्हणतंय आमच्यात नव्हती.
मग पोरगी होती कुठं?”

“खिडकीत,” पोरगी म्हणाली.
तेवढंच बोलली.

जो माणूस झाडूला चिकटलेला कण सोडत नाही
त्याला बारा दिवस कसे सोडवतील?
एकेक तिकीट तो नखानं सरळ करत होता,
शाई उडालेलीसुद्धा.

स्टँडसमोर तिचा फ्लेक्स अजून आहे,
‘आपल्या मातीची सुवर्णकन्या’,
वर सोळा पुढारी, खाली कोपऱ्यात ती,
कांस्यपदक हातात धरून.
फ्लेक्सचे पैसे सरपंचांनी दिले होते.
पत्रावर सहीही त्यांचीच लागते.
फोनवर म्हणाले, आधी तो फ्लेक्स उतरू द्या,
मग करतो. लोक काय म्हणतील?

तर मी असल्याचाच दाखला उघडला
आणि त्यात एक शब्द घुसवला.
कु. बिनिता उत्तम मुळीक ही आमच्या गावी राहत नाही.
खालची चौकट मात्र जाईना,
रिकामी ठेवली की यंत्र लाल होतं:
किती वर्षांपासून?
मी बापाकडं पाहिलं. तो तिकिटं लावत बसलेला.
जन्मापासून, असं लिहिलं.

बारा दिवसांचं काय करायचं ते मला ठाऊक नाही.
प्रतिज्ञापत्र जोडलं, शंभराचा स्टँप,
‘सदर कालावधीत अर्जदार प्रवासात होती’,
मानलं तर मानलं.

छापायला दिलं आणि लाईट गेली.
इन्व्हर्टरची बॅटरी गेल्या आठवड्यापासून
दारात पडलेली, दोघांनी मिळून हलवायची म्हणून राहिलेली.
पोरगी उठली, गुडघ्यात वाकली,
श्वास आत घेतला आणि ती छातीशी धरून
माझ्यासमोर उभी राहिली.

“कुठं ठेवू?”